गावोगावच्या आरोग्य कार्यक्रमांनी आजार खरंच कमी होतात का?

तुमचं मंडळ तालुक्यातल्या 40 गावांत आरोग्य शिबिरं आणि जनजागृतीचा कार्यक्रम घेणार आहे, आणि अशानं लोकांचे आजार खरंच कमी होतात की पैसा बॅनरवर आणि जेवणावळीवर जातो, असं तुम्ही विचारलंय. मी बीड जिल्ह्यात आशाताईंची गटप्रवर्तक आहे, म्हणजे त्यांच्या कामावर लक्ष ठेवते. गेली 13 वर्षं याच कामात आहे, म्हणून जे पाहिलं तेवढं सांगते.

कमी होतात. त्याचा पुरावा माझ्या घरातच आहे. सासूबाईंच्या उजव्या घोट्यावर रुपयाएवढा चकाकता व्रण आहे, नारूचा. त्या सांगतात, बारवेत उतरून पाणी भरायचं, ते प्यायचं, आणि वर्षभरानं पायाला फोड यायचा. फोड फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखा नारूचा किडा बाहेर डोकं काढायचा. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून महिनाभर अंथरुणात. नारूवर लस नव्हती, तो बरा करणारं औषधही नव्हतं. तरीही 1996 नंतर देशात त्याचा एकही रुग्ण सापडला नाही आणि 2000 साली भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर झालं. हे घडलं ते बारवांच्या पायऱ्या बंद करून, हातपंप बसवून, पाण्यात औषध टाकून आणि घराघरात बायकांना पाणी बारीक फडक्यानं गाळायला शिकवून. फोड आलेल्या माणसाला विहिरीत उतरू दिलं नाही. सासूबाई अजूनही हंड्यावर फडकं बांधल्याशिवाय पाणी भरत नाहीत, नळाचं असलं तरी.

म्हणजे कार्यक्रमात ताकद आहे. पण शिबिराबद्दल माझं मत वेगळं आहे, आणि ते एका माणसामुळं झालंय. माझ्या हद्दीतल्या एका गावात मोठं शिबिर झालं होतं. मंडप, डॉक्टर, मशीन, सगळं होतं. पन्नाशीच्या एका शेतकऱ्याचा बीपी वरचा 180, खालचा 110 निघाला. त्याला पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि ‘दवाखान्यात दाखवा’ असं चिठ्ठीवर लिहून दिलं. त्याला काही त्रास होत नव्हता, म्हणून तो गेला नाही. शिबिराची यादी आयोजकांनी नेली. ती ना उपकेंद्राला मिळाली, ना आमच्या आशाला. आठ महिन्यांनी त्याला लकवा मारला. यादी पाहून आशा त्याच्या दारात गेली असती, तर महिन्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाल्या असत्या. ही गोष्ट मला अजून सलते.

आमच्या पाटोदा-आष्टीला लागूनच जामखेड आहे. तिथं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केलं. तुमच्या मंडळातल्या सगळ्यांनी ते एकदा जाऊन पाहावं, असं माझं मनापासून सांगणं आहे. दोघंही मोठे शिकलेले डॉक्टर, पण गावात विचारलं तेव्हा लोकांनी दवाखाना मागितला नाही. लोकांना हवं होतं अन्न आणि पाणी. 1972 चा दुष्काळ आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो. तेव्हा पोरांना खायला घालण्यापासून आणि पाण्याच्या सोयीपासून कामाला हात घातला गेला. बाहेरून आणलेल्या नर्सबाईंचं गावात जमेना, तेव्हा गावानंच आपल्यातली एक बाई निवडायची, असं ठरलं. त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या, दलित वस्तीतल्या होत्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्या ठरल्या दिवशी जामखेडला शिकायला यायच्या आणि शिकलेलं गावात जाऊन सांगायच्या. सुरुवातीला तिथं हजार जन्मांमागं 176 बाळं वर्षाच्या आत दगावायची. पुढच्या पंचवीसेक वर्षांत हा आकडा तिशीच्या आत आला. जिच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, तिला गाव बाळंतपणाला बोलवायला लागलं. आजार कमी होण्यात या बदलाचा वाटा औषधाएवढाच आहे, असं मी मानते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं. 39 गावांत त्यांनी घरीच नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत बसवली आणि नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी खाली आले. 1999 मध्ये ते जगापुढं आलं. आज देशभरातली आशा बाळंतिणीच्या घरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जाते, ती त्याच रस्त्यानं.

ही भेट कशी असते ते लिहिते, म्हणजे तुम्हाला नेमकं कळेल. मागच्या थंडीत मी एका आशासोबत तिसऱ्या दिवसाच्या भेटीला गेले होते. दार लावलेलं, आत शेगडी, ओव्याच्या धुरीनं डोळे चुरचुरत होते. आशानं आधी साबणानं हात धुतले आणि वाळू दिले. मग बाळ झोळीत घालून ताणकाट्याला लावलं. 1900 ग्रॅम. 2500 च्या खाली म्हणजे कमी वजनाचं, हे तर खूपच खाली. घड्याळ समोर धरून तिनं पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजली. एका मिनिटात 60 किंवा त्याहून जास्त श्वास असले की धोका. 52 भरले. तेवढ्यात आजी गरम पाण्याचं घंगाळं घेऊन आली. आशा तिला ‘अंघोळ घालू नका’ म्हणाली नाही. ती म्हणाली, “आत्याबाई, जरा बाळाचे तळपाय हातात धरून बघा, आणि मग पोट.” आजीनं धरले. पोट कोमट, पाय गार. आजी स्वतःच म्हणाली, “गारठलंय की गं लेकरू.” घंगाळं परत गेलं, शेगडी बाहेर गेली, बाळ आईच्या उराशी उघड्या अंगानं बांधलं आणि वरून गोधडी घेतली. चीक काढून टाकलेला नव्हता, तो पाजला होता, कारण सातव्या महिन्यापासून आशा या घरात तेच सांगत होती. नंतर बाळाला आम्ही तालुक्याच्या नवजात कक्षात नेलं. आता ते रांगतंय.

कुठल्याही भाषणानं आजीचा हात बाळाच्या तळव्यापर्यंत गेला नसता.

आता आमच्या भागाची खरी अडचण सांगते. दिवाळी झाली की आमची गावं ओस पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, आणि चार-पाच महिने ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर. गरोदर बाई जाते, सहा महिन्यांचं बाळ जातं, लसीचं कार्ड घरच्या पेटीत राहतं. आजारपणात खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून बाई दुखणं अंगावर काढते. तिथं संडास नाही, पाळीत धुवायला पाणी नाही, अंगावरून पांढरं जातं, आणि कुणीतरी सांगतं, पिशवीच काढून टाक. बीडच्या ऊसतोड बायकांचा गर्भाशय काढण्याचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, तो तुम्ही वाचला असेल. खूप आधी, 1989 मध्ये, राणीताई बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत तपासणी केली होती, तेव्हा 92 टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले होते. बाई विचारल्याशिवाय हे सांगत नाही. पुरुष कार्यकर्त्याला तर कधीच नाही. तुमच्या तुकडीत बायका किती आहेत, हे मला पहिल्यांदा कळायला हवं.

मिश्रीचंही तसंच. माझ्या गटातली एक आशा स्वतः 15 वर्षं मिश्री लावायची. तंबाखूचं प्रशिक्षण घेऊन आली आणि आठवडाभर डोकं दुखून दुखून सोडली. आता ती बायकांच्या बैठकीत तोंडाच्या कॅन्सरचं पोस्टर उघडत नाही. स्वतःची हिरडी दाखवते आणि ते आठ दिवस कसे गेले ते सांगते. तिच्या वाडीत 11 जणींनी मिश्री टाकली. बाकीच्यांचं चालूच आहे, पण त्या तिच्यासमोर लपवतात आणि मला तीही सुरुवात वाटते.

तुमच्या जागी मी असते तर 40 गावं घेतली नसती. 8 घेतली असती आणि तीन वर्षं धरून ठेवली असती. शिबिर घ्यायचंच तर घ्या, पण त्याच संध्याकाळी यादी त्या गावच्या आशाच्या हातात द्या आणि महिन्यानं तिच्यासोबत प्रत्येक दारात जा. बॅनरच्या पैशात बीपीची चांगली मशीनं येतात. आशांकडची मशीनं बऱ्याचदा बिघडलेली असतात, सेल नसतात. सरपंचाला पहिल्या बैठकीला बोलवा, पण त्याआधी वस्तीवरच्या बायकांकडं बसा आणि त्यांना काय हवंय ते विचारा. त्या पाण्याचं बोलल्या तर पाण्यापासून सुरू करा.

आणि जे काही कराल ते दसऱ्याच्या आधी सुरू करा. गरोदर बायकांचं रक्त तपासून घ्या, लोहाच्या गोळ्या सोबत बांधून द्या, लसीच्या कार्डाचा फोटो आईच्या मोबाइलमध्ये काढून ठेवा. दिवाळीनंतर आलात तर आमच्याकडं दारात फक्त म्हातारी माणसं भेटतील.