घोड्याच्या मांसावरून एवढा गोंधळ का झाला?

प्रश्न : आमची वरातीची घोडी लंगडते म्हणून डॉक्टरांनी ब्यूट दिलं, भाचा म्हणतो याच औषधावरून युरोपात घोड्याच्या मांसाचा गोंधळ झालेला. खरंय का? – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : अर्धं खरंय दादा. जानेवारी २०१३ ला आयर्लंडच्या फूड सेफ्टीवाल्यांनी जाहीर केलं की बीफ बर्गरमध्ये घोड्याचं मांस सापडलं, मूळ राग फसवणुकीचा होता, लेबलवर एक आणि आत भलतंच! औषधाची भीती त्यात भर म्हणून आली. ब्यूट म्हणजे फेनिलब्युटाझोन, दुखण्या-सुजेवरचं औषध, त्यानं माणसात रक्तपेशी बनणं बिघडू शकतं, म्हणून तिकडे घोड्याला पासपोर्ट, म्हणजे ओळखपत्र, असतो आणि हे औषध दिलं की तो घोडा खाण्यासाठी कायमचा बाद. आपल्याकडे २०११ च्या फूड सेफ्टी नियमांत मांसासाठीच्या जनावरांत घोडा नाहीच. तुम्ही औषध डॉक्टर सांगतील तेवढंच द्या, आणि बरी होईपर्यंत तिला वरातीला नेऊ नका प्लीज.