५५ लाखांचं कर्ज काढून एमएसडब्ल्यू? आधी हप्ता मांडून बघ

तू लिहिलंयस की अमेरिकेत दोन वर्षांच्या एमएसडब्ल्यूला (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) प्रवेश मिळालाय, ५५ लाखांचं कर्ज लागेल, बाबा सिडकोतला फ्लॅट तारण ठेवायला तयार आहेत, तर जाऊ का. मी नाशिकलाच एमएसडब्ल्यू केलं, पेठ-सुरगाण्याकडे काही वर्षं काम केलं आणि आता इंग्लंडमध्ये एका कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेत, सोशल वर्कर आहे. माझं स्पष्ट मत सांगते: या कर्जावर जाऊ नकोस. समाजकार्य सोडू नकोस, परदेशाचा विचारही सोडू नकोस. पण आपल्या क्षेत्रातला पगार हे कर्ज पेलत नाही.

एकदा कागदावर मांड. दर साडेदहा टक्के धरू. कोर्सची २ वर्षं आणि पुढचं १ वर्ष बहुतेक बँका हप्ता घेत नाहीत, पण व्याज चढतच असतं. पैसे दोन टप्प्यांत उचललेस तरी हप्ता सुरू होईपर्यंत ५५ चे जवळपास ७० लाख झालेले असतात. १५ वर्षांच्या मुदतीत महिन्याला साधारण ७७ हजार. काही कारणानं परत यावं लागलं तर नाशिकमधल्या संस्थेत नव्या एमएसडब्ल्यूला मिळणारा पगार या हप्त्याच्या निम्माही नसतो. सहकर्जदार बाबा आहेत आणि तूच म्हणतेस की अंबडच्या कंपनीतून ते चार वर्षांत निवृत्त होतील. म्हणजे हप्ता सुरू होऊन वर्ष होतं न होतं तोच घरातला पगार थांबणार.

अमेरिकेचा मुख्य अडथळा पगारापेक्षा मुदतीचा आहे. तिथल्या सरकारी आकडेवारीत २०२४ मध्ये सोशल वर्करचा मध्यम पगार वर्षाला ६१,३३० डॉलर होता, आणि त्यात वर्षानुवर्षं काम केलेलेही आले. शिक्षणानंतर ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरची कामाची परवानगी) १२ महिने काम करता येतं. आयटीवाल्यांना मिळणारी स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांची) वाढीव मुदत समाजकार्याला नाही. ज्या क्लिनिकल लायसन्समुळे (समुपदेशन-उपचार करायचा परवाना) पगार वाढतो, त्यासाठी पदवीनंतर बहुतेक राज्यांत दोन-एक वर्षं देखरेखीखाली काम लागतं. ते १२ महिन्यांत बसत नाही, आणि एच-१बी हा नोकरीचा व्हिसा स्पॉन्सर करणाऱ्या संस्था आपल्या क्षेत्रात फार थोड्या. सार्वजनिक सेवेत १० वर्षं काम केलं की कर्ज माफ होतं, असं तुला कुणीतरी सांगितलंय. ती योजना खरी आहे, पण फक्त अमेरिकन सरकारनं दिलेल्या कर्जासाठी. नाशिकच्या बँकेतलं कर्ज तिथं कुणी माफ करत नाही.

आता इंग्लंड. इथं ‘सोशल वर्कर’ हे नाव कायद्यानं राखीव आहे. सोशल वर्क इंग्लंड या संस्थेकडे नोंदणी असल्याशिवाय ते लावता येत नाही. म्हणून कोर्स त्यांच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे आधी बघ. कॉलेज रोडवरचे एजंट सोशल पॉलिसी, सोशल केअर मॅनेजमेंट असले एक वर्षाचे कोर्स दाखवतात. त्यांतून नोंदणी मिळत नाही, आणि केअर वर्करसाठी (वृद्ध-आजारी लोकांची देखभाल करणारे) परदेशातून नवी भरती जुलै २०२५ पासून बंद आहे. सोशल वर्करला मात्र हेल्थ अँड केअर व्हिसा अजून मिळतो.

नव्या सोशल वर्करला कौन्सिलमध्ये वर्षाला ३४-३५ हजार पौंडांच्या आसपास पगार असतो. कर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शन कापून हातात महिन्याला साधारण २,२०० पौंड. लंडनबाहेर भाडं, कौन्सिल टॅक्स, वीज-गॅस, प्रवास आणि खाणं भागवून काटकसरीनं ५००-६०० पौंड उरतात, म्हणजे साधारण ६०-७० हजार रुपये. तुझा हप्ता त्याहून मोठा आहे. इथली दोन वर्षांची पदवी घ्यायची तरी फी आणि राहणं धरून रक्कम याच घरात जाते. वर आठवड्याला २० तास काम करून खर्च भागेल हे गृहीत धरू नकोस. कोर्समध्ये १७० दिवसांचं प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, असतं. तिथं दिवसभर ऑफिसच्या वेळेत हजर राहावं लागतं, भेटी कराव्या लागतात, संध्याकाळी नोंदी लिहाव्या लागतात, आणि त्याचा पगार मिळत नाही. माझ्या टीममध्ये येणाऱ्या विद्यार्थिनी शनिवार-रविवार केअर होममध्ये शिफ्ट करतात आणि सोमवारी सकाळी डोळे चोळत येतात. त्यांच्याकडे बघून वाईट वाटतं.

म्हणून तुझ्यासाठी मला दुसरी वाट बरी वाटते. एमएसडब्ल्यू भारतातच कर. मराठा विद्या प्रसारक संस्थेचं (मविप्र) समाजकार्य महाविद्यालय नाशिकमध्येच आहे. मुंबईच्या टिसची (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) तयारी करायची असेल तर सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा दे. मग दोन-तीन वर्षं बालसंरक्षण, मानसिक आरोग्य किंवा हॉस्पिटलमध्ये नीट काम कर. भारतातल्या एमएसडब्ल्यूवरही सोशल वर्क इंग्लंडकडे नोंदणीचा अर्ज करता येतो. ते तुझा अभ्यासक्रम, फील्डवर्क आणि अनुभव त्यांच्या निकषांवर तपासतात. मी अशीच आले. नोंदणी झाली म्हणजे नोकरी मिळालीच असं नाही. पण नाही जमलं तर तू नाशिकमध्ये अनुभव असलेली, कर्ज नसलेली सोशल वर्कर असशील, आणि फ्लॅट बाबांच्याच नावावर मोकळा राहील.

यात सगळ्यात जास्त कागदपत्रं नडतात. कॉलेज सोडण्याआधी प्रत्येक सत्राचा अभ्यासक्रम आणि फील्डवर्कचे तास कॉलेजच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह घे. गुणपत्रिकेवर नुसतं ‘फील्डवर्क’ आणि गुण असतात, तास नसतात. सुपरवायझर बदलले, निवृत्त झाले की ते पत्र मिळवणं फार अवघड होतं. पहिल्या नोकरीतही कामाचं नेमकं स्वरूप लिहिलेलं पत्र माग. ‘समाधानकारक काम केले’ एवढ्यावर इथं कुणी काही ठरवत नाही. स्कूटीबरोबर चारचाकीही शिकून घे, कारण बऱ्याच कौन्सिल जाहिरातीतच लायसन्स मागतात.

एक अपवाद आहे. तुझा प्रवर्ग आणि घरचं उत्पन्न निकषात बसत असेल तर केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, दोन्ही बघ. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख आहे आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. त्यात फी आणि राहण्याचा खर्च निघत असेल तर माझं वरचं बरंचसं म्हणणं बाजूला ठेव.

प्रवेश पक्का करायला डिपॉझिट भरायची तारीख कधी आहे ते कळव. त्याआधी बँकेकडून हप्त्यांचं वेळापत्रक लेखी घे आणि ऑफर लेटरबरोबर मला पाठव, रविवारी बाबांनाही फोनवर घेऊन बसू.