अभिवचन रजा म्हणजे गप बसायचा करार का?

प्रश्न असा आला आहे: कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या कट्ट्यावर, तिथल्याच कळंबा कारागृहातून पॅरोलवर, म्हणजे अभिवचन रजेवर, आलेला एकजण राजकारणावर मोकळेपणानं बोलत होता. तेव्हा कुणीतरी त्याला हटकलं, "अभिवचन दिलंयस न्हवं? मग गप बसायचं." तर 'अभिवचन' या शब्दात मौन येतं का? आणि पेपरवाले 'जामिनावर', 'पॅरोलवर', 'सुटका' हे सगळं सरमिसळ लिहितात, ते बरोबर का?

आधी पहिल्याचं. नाही, मौन येत नाही. 'पॅरोल' मूळ फ्रेंच, अर्थ 'बोल', 'शब्द'. युद्धकैदी पळून जाणार नाही, असा शब्द द्यायचा आणि त्या शब्दावर त्याला मोकळं सोडायचे. आपल्या कारागृह नियमांत त्यासाठी 'अभिवचन रजा' हा शब्द घेतला, तो मला फार नेमका वाटतो. शब्द कशाचा? मुदतीत परत हजर होईन, ठरल्या पत्त्यावर राहीन, पोलीस ठाण्यात हजेरी लावीन, असा. दुसरी 'संचित रजा', म्हणजे फर्लो. ही चांगल्या वर्तणुकीवर साठत जाते, म्हणून संचित. 1959 च्या नियमांत फरक चोख आहे: संचित रजेचे दिवस शिक्षेत धरले जातात, अभिवचन रजेचे धरले जात नाहीत, तेवढे दिवस आत जाऊन भरावे लागतात.

दोन्हींत 'रजा' आहे हे विसरू नये. रजेवरचा माणूस सुटलेला नसतो. म्हणून 'पॅरोलवर सुटका' हा प्रयोग मला खटकतो, 'पॅरोलवर बाहेर' म्हणावं. 'जामिनावर' तर त्याला मुळीच लागू नाही. जामीन न्यायाधीन बंद्याला, ज्याला आपण कच्चा कैदी म्हणतो. शिक्षा झालेला तो सिद्धदोष बंदी. (अपिलात शिक्षा स्थगित होऊन जामीन मिळतो, ती गोष्ट वेगळी.) जामीन हा मुळात माणूसच, हमी घेणारा. पतसंस्थेच्या कर्जाला आपण 'जामीन राहतो', तोच हा.

आता बोलण्याचं. मर्यादा शब्दात नसते, अटीत असते, आणि अट लिहिलेली असावी लागते. सावरकरांना 1924 मध्ये सोडलं तेव्हा रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि पाच वर्षं राजकारणात भाग घ्यायचा नाही, अशा अटी स्पष्ट घातल्या होत्या. पुढं मुदत वाढत गेली आणि 1937 मध्ये त्या उठल्या. मुंबई उच्च न्यायालयानं 2021 मध्ये एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी, कवी वरवरा राव यांना वैद्यकीय जामीन देताना खटल्याबद्दल माध्यमांशी बोलायचं नाही, असं घातलं. खटल्याबद्दल, हे लक्षात घ्या. अशा अटीला 'वाच्यता न करण्याची अट' म्हणावं, 'बोलबंदी' नव्हे. 'बोलबंदी' म्हटलं की सगळंच तोंड बंद. ओडिशातल्या बरहामपूरच्या माजी महापौरांना जामीन देताना राजकीय कार्यात भाग घेऊ नये अशी सरसकट अट पडली होती. सर्वोच्च न्यायालयानं ती 2024 मध्ये काढून टाकली.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरींचा निकाल. ते रजेवर नव्हते, स्थानबद्ध (म्हणजे खटल्याविना अडकवून ठेवलेले) होते, मुंबईच्या तुरुंगातच. तिथं त्यांनी अणूवर मराठीत पुस्तक लिहिलं आणि छापायला बाहेर पाठवू द्या म्हणाले. सरकारनं नकार दिला. स्थानबद्धतेच्या अटींत पुस्तक लिहून बाहेर पाठवायला मनाई कुठेच नाही, मग अडवता कसं, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयानं 1965 मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं दिला. आत असलेल्याला जर 'लिहिलेलं नाही म्हणजे मनाई नाही' हा न्याय, तर कट्ट्यावर बसलेल्याचं तोंड एका 'अभिवचन' शब्दावरून कसं बंद करणार?

मात्र रजा मंजूर करणारा आदेश प्रत्येकाचा वेगळा असतो. त्यात माध्यमांशी न बोलण्याची किंवा फिर्यादीच्या घरच्यांशी संपर्क न ठेवण्याची अट असेल, तर ती पाळायलाच हवी, नाहीतर रजा रद्द होऊन परत कळंबा. तेव्हा तालमीतल्या त्या गृहस्थांनी 'अभिवचन दिलंयस' म्हणण्याऐवजी 'तुझ्या आदेशात काय लिवलंय?' असं विचारावं. आणि बातमी लिहिताना: 'अभिवचन रजेवर बाहेर असलेल्या बंद्याला खटल्याबाबत वाच्यता करण्यास मनाई', तीही आदेशात तशी अट असेल तरच.