निळ्या उजेडात काळं दिसलं, म्हणजे कॅन्सरच का?

प्रश्न : यजमानांचं वय ५४. कित्येक वर्षं तंबाखूचा बार डाव्या गालात धरायची सवय. नेमका तिथेच पांढरट चट्टा आलाय. दातांच्या डॉक्टरांनी दिवे मालवून निळ्या उजेडाचं यंत्र तोंडाशी धरलं आणि म्हणाले, "इथे काळं दिसतंय, तुकडा काढून तपासू." यजमान म्हणतात, तुकडा काढला की पसरतं. भाचा म्हणतो, आता नुसत्या उजेडाने कॅन्सर जातो. काय करावं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, आधी तुकड्याचं. 'सुई लागली की पसरतं' हे माझ्या खुर्चीत बसून रोज कुणीतरी म्हणतंच. तुकडा काढल्याने तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. या भीतीपायी लोक महिनोन्‌महिने घालवतात, तेवढ्यात मात्र तो वाढतो.

आता त्या काळ्याचं. तोंडाच्या निरोगी अस्तरावर निळा उजेड पडला की ते मंद हिरवं उजळतं. अस्तराखालच्या कोलॅजनचा, म्हणजे चिवट तंतूंचा, आणि पेशींतल्या काही द्रव्यांचा हा गुण. पेशी बिघडू लागल्या की अस्तर जाड होतं, कोलॅजनची वीण विस्कटते, रक्त वाढतं आणि तेवढ्या जागेतलं हिरवं विझतं. पण दाढेचं टोक घासून सुजलेली जागाही काळीच दिसते. मी आरशाच्या पाठीने ती हलकेच दाबतो. नुसती सूज असेल तर रक्त बाजूला सरून बहुधा हिरवी झाक परत येते. उलट जाड पांढरा चट्टा कधीकधी जास्तच चमकतो, आणि तोही निर्धोक असेलच असं नाही. तेव्हा तुकडा कुठून घ्यावा हे ठरवायला यंत्राची मदत होते; निकाल मात्र तो तुकडा तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचा.

यंत्र नसलेल्या डॉक्टरांकडे गेलात तरी काही अडत नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांची तोंडं साध्या डोळ्यांनी तपासली. २००५मध्ये निष्कर्ष छापून आले : तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटले.

भाच्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. उजेडाच्या या उपचाराला फोटोडायनॅमिक उपचार म्हणतात. त्यात आधी औषध देतात. ते बिघडलेल्या पेशींत जास्त साठतं. मग त्या जागेवर ठरावीक रंगाचा, बहुतेकदा लाल, उजेड टाकतात. औषध, उजेड आणि पेशीतला ऑक्सिजन एकत्र आले की त्या पेशी मरतात. इथे भाजणं नाही, किरणोत्सर्गही नाही, त्यामुळे गरज पडल्यास पुन्हा करता येतो आणि व्रणही कमी राहतो. अलीगढला बॅटरीवर चालणारा स्वस्त एलईडी दिवा वापरून तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरवर हे करून पाहिलं आहे. अडचण खोलीची. लाल उजेडही मांसात जेमतेम अर्धा-एक सेंटिमीटर पोचतो. गाठ खोल असेल किंवा मानेत उतरली असेल, तर तिथे बहुधा शस्त्रक्रियाच लागते. म्हणजे हा उपचार चालेल की नाही, हेसुद्धा तुकड्याच्या रिपोर्टनंतरच ठरणार.

आज घरी एवढं करा : तोंड पुरेसं उघडतं का ते पाहायला यजमानांना स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर तसं डॉक्टरांना मुद्दाम सांगा. आणि तो बार आजपासून बंद. 'हळूहळू सोडतो' म्हणतील, ऐकू नका.

प्रश्न : माझे दीर न्यू जर्सीला मुलाकडे असतात. अन्ननलिकेसाठी त्यांना फोटोफ्रिन नावाचं औषध देऊन उजेडाचा उपचार झाला. महिनाभर ऊन टाळा म्हणालेत, म्हणून त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवलंय. सनस्क्रीन लावून फिरले तर चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही नको. हे औषध कातडीतही बरेच दिवस राहतं आणि दिसणाऱ्या उजेडानेच पेटतं. सनस्क्रीन मुख्यतः अतिनील किरण अडवतं, त्यामुळे इथे त्याचा उपयोग नाही. अंधारात कोंडलं तर औषध ओसरायला उलट वेळ लागतो. घरातला साधा उजेड पडू दे, त्याने ते हळूहळू निष्प्रभ होतं. खिडकीतून येणारं थेट ऊन, प्रखर दिवे आणि दाताच्या डॉक्टरांचा दिवा टाळा. बाहेर जावंच लागलं तर अंगभर कपडे, टोपी, हातमोजे आणि गडद चष्मा. किमान तीस दिवस झाल्यावर, त्यांच्या डॉक्टरांना विचारून, कातडी ऊन सोसते का ते पाहायचं : कागदी पिशवीला दोन इंचाचं भोक पाडायचं, हात आत घालून दहा मिनिटं उन्हात धरायचा. चोवीस तासांत लाली, सूज किंवा फोड आला, तर आणखी दोन आठवडे थांबायचं. ही चाचणी चेहऱ्यावर करू नका, डोळ्यांभोवतीची कातडी फार नाजूक असते.