गणपती झाले की अस्ताना! तुमची पत्रं, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी कझाखस्तानची राजधानी अस्ताना इथल्या आमच्या सप्टेंबरातल्या प्रवासाबद्दल जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं आणि तुमच्या पत्रांचा ढीगच आला, खूप बरं वाटलं, कारण आपल्या कोकणातून लोक दुबई-सिंगापूरला सर्रास जातात पण या बाजूला फारसं कुणी वळत नाही. प्रत्येकाला वेगळं लिहिणं जमणार नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून इथेच उत्तरं देतेय.

गुहागरहून एक निवृत्त मास्तर विचारतात: ताई, गौरी-गणपती उरकले की आम्ही दोघं मोकळे. पण आम्ही जन्मात कधी स्वेटर घातलेला नाही. सप्टेंबरात तिथली थंडी आम्हाला सोसेल का?

सोसेल काका, फक्त तारखा नीट धरा. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दिवसा १८-२० डिग्री असतं, ऊन छान पडतं, रात्री मात्र ५-७ पर्यंत उतरतं. महिना संपत आला की रात्रीचा पारा शून्याला टेकायला लागतो. त्यामुळे ज्या वर्षी गणपती ऑगस्टअखेर येतात ते वर्ष तुमच्यासाठी सगळ्यात चांगलं, विसर्जन झालं की बॅगा भरा. बाप्पा उशिरा येणार असतील तर जाड जाकीट घेतल्याशिवाय निघू नका, आणि पुढं हिवाळ्यात जायचा तर विचारही नको, तिथं जानेवारीत उणे ३० च्या खाली जाऊ शकतं.

आणि थंडीपेक्षा वाऱ्याला जास्त जपा. आपल्याकडचा वारा समुद्रावरून येतो, त्यात ओल असते, तो अंगाला चिकटतो. तिथं चहूबाजूंना सपाट गवताळ माळ, त्याला स्टेप म्हणतात, मधे डोंगर नाही की काही नाही, वारा लांबून सुटतो तो थेट कानात शिरतो आणि इतका कोरडा की दुसऱ्याच दिवशी ओठ फुटतात. आपण पावसाळ्यात वापरतो ना ते विंडचीटर, तेच आत एक स्वेटर घालून सगळ्यात जास्त कामाला येतं. कानटोपी हवीच. खोबरेल नेऊ नका, थिजून दगड होतं, व्हॅसलीन न्या. आम्हाला एका एजंटनं "आपल्या डिसेंबरसारखंच असतं" असं ठासून सांगितलं होतं, त्या भरवशावर माझी नणंद एका शालीवर आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी बाजार गाठून तिच्यासाठी जाकीट घ्यावं लागलं, अख्खी सकाळ त्यात गेली.

अजून एक, तिथं घरं आणि हॉटेलं गरम ठेवायची व्यवस्था बहुतेक शहरासाठी एकत्रच असते, गरम पाणी पाइपांतून घरोघर फिरतं, पण ते सलग थंडी पडायला लागली की मगच सुरू करतात. म्हणजे सप्टेंबरात खोली गारच असते. पोचल्या पोचल्या जास्तीचं ब्लँकेट मागून घ्या, लाजू नका.

चिपळूणहून एक कॉलेजकन्या लिहिते: रील्समध्ये बघितलं तर सगळं चकचकीत, काचेच्या बिल्डिंगा, दुबईसारखंच. मग इतक्या लांब मुद्दाम कशाला जायचं?

अगं, मलाही जाण्याआधी अगदी हेच वाटलं होतं. पण हे शहर कसं उभं राहिलं ते माहीत असलं की त्याच बिल्डिंगा वेगळ्या दिसतात.

१९९७ पर्यंत कझाखस्तानची राजधानी होती दक्षिणेला, अल्माटीला, डोंगराच्या पायथ्याशी, सफरचंदांच्या बागांत. तिथून राजधानी उचलून उत्तरेला माळावरच्या एका मध्यम गावात आणली. त्या गावाचं नाव तरी किती वेळा बदललं बघ, आधी अक्मोलिन्स्क, मग १९६१ पासून त्सेलिनोग्राद, कारण १९५४ मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी इथली पडीक जमीन नांगरून गहू पेरायची मोठी मोहीम काढली होती, मग अक्मोला, १९९८ मध्ये अस्ताना, २०१९ मध्ये नूर-सुलतान आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. कझाख भाषेत अस्ताना म्हणजे राजधानीच. किशो कुरोकावा या जपानी आर्किटेक्टनं नव्या शहराचा आराखडा केला. मधून इशिम नदी वाहते, कझाख लोक तिला एसिल म्हणतात, उजव्या काठाला जुनं सोव्हिएत काळातलं गाव आणि डाव्या काठाला तुझ्या रील्समधलं सगळं.

डाव्या काठावर एक गोष्ट जरूर कर. खान शातिर नावाचा प्रचंड तंबू आहे तिथून सुरुवात कर आणि सरळ चालत जा. मधे कमान लागते, मग लांबलचक नुरझोल बुलेव्हार्ड, त्यावर बायतेरेक मनोरा, पुढं राष्ट्राध्यक्षांचा अक ओर्दा महाल, आणि नदीपलीकडे काचेचा-दगडाचा पिरॅमिड, हे सगळं एका रेषेत आहे! बायतेरेकमध्ये लिफ्टनं ९७ मीटरवर जाता येतं, १९९७ सालाची आठवण म्हणून ९७. सामरुक नावाचा पक्षी जीवनवृक्षावर सोन्याचं अंडं घालतो अशी तिकडची जुनी गोष्ट आहे, मनोरा म्हणजे ते झाड आणि वरचा सोनेरी गोळा म्हणजे ते अंडं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला जा, तिरपं ऊन त्या सोनेरी काचेतून आत येतं आणि सगळ्यांचे चेहरे हळद लावल्यासारखे दिसतात.

खान शातिर नॉर्मन फॉस्टर या ब्रिटिश आर्किटेक्टच्या फर्मनं केलेलं, २०१० मध्ये उघडलं, उंची १५० मीटर. पारदर्शक प्लास्टिकसारख्या कापडाचा तंबू, आत मॉल, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर चक्क बीच. वाळू मालदीवहून आणलेली. मी ती हातात घेऊन बघितली, पांढरी, बारीक, आपल्या गणपतीपुळ्याच्या वाळूपेक्षा पुष्कळ मऊ. तिथं एक चार-पाच वर्षांची पोरगी किल्ला करत बसली होती आणि तिची आई काठावर टॉवेल घेऊन उभी, अगदी आपल्याकडे असतात तशी. कझाखस्तान म्हणजे महासागराला कुठंच न लागणारा जगातला सगळ्यात मोठा देश. त्या पोरीनं खरा समुद्र बघितला असेल का हा विचार मनात आला आणि मला फार भरून आलं, मी समुद्राच्या आवाजात वाढले म्हणूनही असेल.

पण मला विचारशील तर एक संध्याकाळ शहराच्या कडेला जा. हजारो हेक्टरवर त्यांनी झाडं लावलीत, बर्च, पॉप्लर, पाइन, वारा आणि हिवाळ्यातली बर्फाची वादळं अडवायला. आपल्याकडे किनाऱ्यावर सुरूची बनं लावली ना, तशीच कल्पना. सप्टेंबरच्या मध्यापासून बर्च पिवळे व्हायला लागतात. ती झाडांची रांग ओलांडली की पुढं काहीच नाही, नुसतं गवत आणि आभाळ. डोळे बारीक करून बघितलं की समुद्रच वाटतो, गवतावरून वारा जातो तेव्हा लाट सरकल्यासारखी दिसते. आम्ही तिघंही बराच वेळ गप्प उभे होतो. मी तर फक्त त्या कडेसाठी पुन्हा जाईन.

मालवणातून पत्र: ताई, सगळा खरा, पण थंय मासे गावतत काय?

गावतत हो भाऊ, पण गोड्या पाण्याचे! सुदाक नावाचा पांढरा, कमी काट्याचा मासा हॉटेलात मिळतो आणि सझान म्हणजे कार्प. मसाला नाही, मीठ-मिरी आणि वर शेपूचा पाला. सुरमईची सर नाही हे आधीच सांगते. बाजारात मात्र धुरावलेले आणि खारवून वाळवलेले मासे दोरीला टांगलेले दिसले आणि त्या वासानं मला थेट आपल्या सुक्या मासळीच्या बाजाराची आठवण झाली.

बाकी तिकडचं मुख्य जेवण मटण आणि घोड्याचं मांस. बेशबरमाक हा त्यांचा मानाचा पदार्थ, नावाचा अर्थ पाच बोटं, कारण पूर्वी हातानं खायचे. त्यात घोड्याचं मांस असू शकतं, नको असेल तर ऑर्डर देतानाच विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही. शाकाहारी मंडळींनी (अलिबागच्या दोघी वहिनींनी हेच विचारलंय) बाउरसाक म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, भोपळ्याचे मांती म्हणजे मोमोसारखे वाफवलेले, दही, सलाड आणि फळं यावर राहायची तयारी ठेवावी, सोबत थालिपीठाची भाजणी आणि कोकमाची सोलं न्यावीत. सप्टेंबरात फळांची मात्र चंगळ असते, खरबुजं, कलिंगडं, सफरचंदं. आज जगभर जे सफरचंद खाल्लं जातं त्याचा रानटी पूर्वज याच देशातल्या त्यान शान डोंगरातला. आणि चहा दूध घालूनच देतात, शपथ! वाटीसारख्या पियाल्यात, तेही अर्धाच भरून, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतून देता यावा आणि पाहुण्याला उठायची घाई होऊ नये.

एक वस्तू मात्र आवर्जून चाखा, कुर्त. दही आटवून त्यात मीठ घालून वळलेले आणि कडक वाळवलेले पांढरे गोळे. बाजारातल्या एका आजींनी माझ्या तळहातावर एक ठेवला, सुपारीपेक्षा थोडा मोठा, हाताला खडूसारखा, आणि त्यावर चार बोटांचे ठसे स्पष्ट उमटलेले, दाबून वळताना उमटले असणार. दातानं फुटत नाही, गालात धरून ठेवायचा, आधी नुसतं मीठ लागतं आणि मग हळूहळू आंबट दूध सुटतं. पैसे द्यायला गेले तर आजींनी माझा हात मिटवून मागं सारला. "रहमेत" म्हणजे धन्यवाद, तेवढा एक शब्द मला येत होता, तो म्हटला. भाषेचं फार टेन्शन घेऊ नका, दुकानाला ते दुकेन म्हणतात, बाजाराला बाझार, पुस्तकाला किताप, म्हणजे अगदी आपलं किताबच, आठवड्याला अप्ता, म्हणजे आपला हप्ताच की.

दापोलीहून एक पक्षीमित्र: अस्तानाजवळ फ्लेमिंगो दिसतात हे खरं का?

एकदम खरं. शहरापासून साधारण १३० किलोमीटरवर कोर्गल्झिनचं अभयारण्य आहे, २००८ पासून जागतिक वारसा यादीत, आणि तिथल्या तेंगिझ या खाऱ्या तलावावर फ्लेमिंगो वीण करतात, इतक्या उत्तरेला ते दुसरीकडे कुठं करत नाहीत. कझाखमध्ये तेंगिझ म्हणजे समुद्र! जायला परवाना आणि दणकट गाडी लागते, शेवटचा रस्ता खराब आहे, म्हणून स्थानिक गाइड आधीच ठरवा आणि सप्टेंबरच्या सुरुवातीलाच जा, नंतर पक्षी निघून जातात. आणि दादा, तुम्हाला हे आवडेल, हिवाळ्यात आपल्या हर्णै-मुरुडच्या किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात ना, त्यातले स्टेप गल म्हणतात ते उत्तर कझाखस्तान आणि सैबेरियाच्या तलावांवर जन्मलेले असतात. आपण विमानानं जातो तोच प्रवास ते दरवर्षी पंखांनी करतात.

अलिबाग, महाड, सावंतवाडी, बऱ्याच जणांचे कागदपत्रांचे प्रश्न.

पटापट सांगते. भारतीय पासपोर्टला २०२२ पासून १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, तरी तिकीट काढण्याआधी नियम एकदा तपासा. दिल्लीहून अल्माटीला थेट विमान आहे, चारेक तास, तिथून अस्तानाला दुसरं विमान पावणेदोन तासांचं किंवा रात्रीची ताल्गो ट्रेन, आम्ही ट्रेननं गेलो, फार छान. घड्याळ फक्त अर्धा तास मागं करायचं. चलन टेंगे. टॅक्सीला यांडेक्स गो हे अॅप फोनवर टाकून ठेवा, हात दाखवून गाडी थांबवू नका. हॉटेलात उतरलात तर परदेशी पाहुण्यांची नोंदणी तेच करतात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये असाल तर मालकाला पहिल्याच दिवशी नोंदणीचं विचारा.

रत्नागिरीहून एक ताई: तुम्ही अल्झिर नावाच्या जागेचा नुसता उल्लेख केलात. माझी आई ७४ वर्षांची आहे, तिला तिथं नेऊ का? तिला त्रास तर होणार नाही?

त्रास होईल ताई, पण न्या.

अस्तानाहून गाडीनं तासाभराच्या आत, अक्मोल गावात. स्टालिनच्या काळात, १९३८ पासून, तिथं बायकांचा तुरुंग होता, छावणीच. गुन्हा काय, तर नवऱ्याला देशद्रोही ठरवलं म्हणून बायकोला शिक्षा. शिक्षिका, डॉक्टर, गायिका, हजारो बायका, कितीतरी जणींची लहान मुलं काढून घेतलेली. आता तिथं २००७ पासून संग्रहालय आहे, बाहेर मोठी कमान, कैद्यांना आणायचा रेल्वेचा लाकडी डबा, आणि काळ्या दगडांवर नावंच नावं कोरलेली. जमीन सपाट आहे, आईंना चालायला अडचण येणार नाही, शाल मात्र द्या, तिथं वारा फार.

तिथली एक हकीकत आम्हाला गाइड मुलीनं सांगितली. हिवाळ्यात या बायकांना गोठलेल्या तळ्यावर लव्हाळे कापायला पाठवायचे, जळणासाठी. एकदा काठावरून जवळच्या गावातली म्हातारी माणसं आणि पोरं त्यांच्यावर पांढरे दगड फेकायला लागली. पहारेकरी हसले, बघा, म्हणाले, इथल्या लोकांनाही तुम्ही नकोशा आहात. एक बाई धडपडून पडली, तोंड त्या दगडांजवळ गेलं, तर दुधाचा वास. ते कुर्त होते. गावकऱ्यांनी पहारेकऱ्यांदेखत उपाशी बायकांना खायला टाकलं होतं.

बाजारातल्या आजींनी दिलेला माझा कुर्त अर्धा खाऊन रुमालात बांधलेला होता, पर्समध्ये. माझ्या नणंदेनं तो मागून घेतला आणि त्या नावांच्या दगडाखाली ठेवला. वाकून बघितलं तर तिथं आधीच सात-आठ कुर्त होते, कुणी कुणी ठेवून गेलेले.