अमेरिकेत एमएस करताना इंटर्नशिप करून शिक्षणाचा खर्च भागवता येतो का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. 'वर्क-स्टडी' मिळेल का, इंटर्नशिपच्या पगारातून फी निघेल का, आणि एजंटने सुचवलेल्या 'पहिल्या दिवसापासून बाहेर काम करा' अशा कॉलेजात जावं का. मी स्वतः एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर एमएस केलं, मधल्या समरमध्ये इंटर्नशिप केली, आणि आता नव्याने येणाऱ्या मुलामुलींना याच बाबतीत मदत करते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे चुकलात तर बाकीच्या दोघांना अर्थ उरत नाही: तिथे जाऊ नका.

एफ-1 वर कॅम्पसबाहेर इंटर्नशिप करायची ती सीपीटीवर, म्हणजे करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंगवर. ते काम अभ्यासक्रमाचाच भाग असलं पाहिजे, ही त्याची मूळ अट. एरवी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्याशिवाय सीपीटी मिळत नाही. मास्टर्स-पीएचडीच्या ज्या कोर्समध्ये प्रत्यक्ष काम सुरुवातीपासूनच सक्तीचं आहे, तेवढ्यांनाच सवलत आहे. काही कॉलेजं नेमकी या सवलतीवर चालतात. क्लास अधूनमधून एखाद्या शनिवार-रविवारी, बाकी वेळ पूर्णवेळ नोकरी. आज कोणी काही बोलत नाही. पुढे एच-1बी या नोकरीच्या व्हिसाचा अर्ज केला की इमिग्रेशन खातं मागचं सगळं उकरू शकतं: हजेरी दाखवा, सिलॅबस दाखवा, या नोकरीचा तुमच्या शिक्षणाशी काय संबंध ते दाखवा. तेव्हा तो एजंट तुमचा फोनही उचलणार नाही.

फार्मिंग्टन विद्यापीठाचं प्रकरण तुम्ही वाचलं नसेल तर जरूर वाचा. मिशिगनमधलं हे विद्यापीठ अमेरिकी सरकारच्याच होमलँड सिक्युरिटी खात्याने बनावट उभं केलं होतं. तिथे ना वर्ग होते ना शिक्षक. जानेवारी 2019 मध्ये ते उघड झालं, विद्यार्थी आणून देणाऱ्या आठ जणांवर गुन्हे दाखल झाले आणि विद्यार्थ्यांची धरपकड झाली. त्यात बहुतेक आपलीच भारतीय मुलं होती. पहिल्या दिवसापासून बाहेर काम करू देणारं प्रत्येक कॉलेज असं असतं असं मी म्हणत नाही. पण सरकार या वाटेकडे किती बारकाईने बघतं, ते यातून कळतं.

आता 'वर्क-स्टडी'. फेडरल वर्क-स्टडी ही सरकारी आर्थिक मदतीची योजना आहे आणि एफ-1 विद्यार्थ्यांना ती मिळत नाही. विद्यापीठाच्या जॉब पोर्टलवर एखाद्या कामापुढे तसं लिहिलेलं दिसलं तर ते सोडून पुढचं बघा. कॅम्पसवरची साधी कामं मात्र करता येतात. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला 20 तास, सुट्टीत पूर्णवेळ. लायब्ररी, डायनिंग हॉल, लॅब, काहीही. खरा फरक पडतो तो टीए किंवा आरएशिप, म्हणजे प्राध्यापकांना शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करण्याचं पगारी काम, मिळाली तर, कारण तिथे अनेकदा फीमध्येही माफी असते. ॲडमिशन मिळताच प्राध्यापकांना लिहायला लागा, पण नेमकं लिहा. एकच ईमेल चाळीस जणांना पाठवलेला त्यांना पहिल्या ओळीत कळतो.

समर इंटर्नशिपसाठी वेळापत्रक नीट समजून घ्या. ऑगस्टला सुरू केलंत तर फॉल आणि स्प्रिंग मिळून शैक्षणिक वर्ष भरतं आणि पहिल्याच समरला सीपीटी मिळू शकतो. जानेवारीत सुरू केलंत तर ते वर्ष पहिल्या समरपर्यंत भरत नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी तो समर हातचा जातो. जानेवारीचा प्रवेश घेताना हे सहसा कोणी सांगत नाही. आणि मोठ्या कंपन्या पुढच्या समरची भरती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सुरू करतात, म्हणजे विमानातून उतरताना रेझ्युमे तयार हवा.

ऑफर आली की ते पत्र विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला द्यायचं. त्यात कंपनीचा पत्ता, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास आणि तारखा हव्यात. बहुतेक विभागांत इंटर्नशिपचा क्रेडिट कोर्सही घ्यावा लागतो, आणि त्याची फी वेगळी पडू शकते. मग तिथला अधिकारी, म्हणजे डीएसओ, नवा आय-20, म्हणजे विद्यार्थी असल्याचा विद्यापीठाचा अधिकृत कागद, देतो. त्याचं दुसरं पान नीट वाचा. कंपनीचं नाव, पूर्णवेळ की अर्धवेळ, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, हे सगळं तिथे छापलेलं असतं. परवानगी त्या कंपनीपुरती आणि त्या तारखांपुरतीच. कागदावर 2 जून असेल आणि मॅनेजर प्रेमाने म्हणाला, '26 मेपासूनच ये', तर नाही म्हणायचं. तो एक आठवडा बेकायदा नोकरीत धरला जातो. बिनपगारी असली तरी आधी डीएसओला विचारायचं.

एक हिशेब डोक्यात पक्का ठेवा. पूर्णवेळ सीपीटी 12 महिने झाला, की त्याच पातळीवरच्या डिग्रीनंतरचा ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात नोकरी करण्याची परवानगी, जातो. ओपीटीचे 12 महिने आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) विषय असेल तर वरचे 24, एवढं सगळं पणाला लागतं. समरची इंटर्नशिप तीनेक महिन्यांची असते, तिथे काळजी नाही. प्रश्न को-ऑपचा, म्हणजे शिक्षणाच्या मध्येच काही महिने कंपनीत काम करण्याचा. बॉस्टनचं नॉर्थईस्टर्न किंवा फिलाडेल्फियाचं ड्रेक्सेल यांची को-ऑपची परंपरा फार जुनी आणि चांगली आहे, मी तिकडे जा असंच सांगेन. पण सहा-सहा महिन्यांचे दोन पूर्णवेळ को-ऑप घेण्याआधी दिवस मोजा. आठवड्याला 20 तासांपर्यंतचा अर्धवेळ सीपीटी या 12 महिन्यांत धरत नाहीत.

आणि पैसे? चांगल्या इंटर्नशिपमधून त्या समरचा राहण्याखाण्याचा खर्च निघतो, वर थोडी शिल्लक पडते. एफ-1 वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं सहसा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे 7.65 टक्के कापले जात नाहीत, पगाराच्या स्लिपवर कापलेले दिसले तर लगेच एचआरला सांगा. पण दोन वर्षांची फी यातून निघेल असं धरून कर्ज कमी काढू नका. मुलं इंटर्नशिप मिळेपर्यंत ज्या ताणात असतात तो मी बघते, आणि त्यावर पुन्हा फीचा हप्ता अडलेला असला तर अभ्यासच सुटतो. पूर्ण खर्चाची सोय आधी करा.

प्रवेश पक्का करण्यापूर्वी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला, एजंटला नाही, थेट ईमेल करा: माझ्या कोर्सला सीपीटी कधीपासून मिळतो, आणि त्यासाठी कोणता क्रेडिट कोर्स घ्यावा लागतो? उत्तर लेखी आलं की ते जपून ठेवा. कॉलेजचं नाव इथे लिहिलंत तर त्यांच्या वेबसाइटवरची माहिती मीही बघून सांगेन.