मे महिन्यात गोदामात तापलेला कॅस्केड हॉप आता किती टाकायचा?

पुण्यातल्या मायक्रोब्रूअरीसाठी मागवलेला कॅस्केड (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारा हॉप), लेबलवर अल्फा (कडवटपणा देणारं आम्ल) ६%, मे महिन्यात कस्टम्स क्लिअरिंगच्या गोदामात २० दिवस पडून, आणि आता बिअर कडवटपणात कमी पडतेय. तुमचं हे दुखणं माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. पाकिटं फ्रीझरमध्ये ठेवा, हे तुम्हाला सांगायला नको. पण निम्मं नुकसान माल फ्रीझरपर्यंत पोचायच्या आधीच झालेलं असतं.

साठवणीत अल्फा किती घटतो याचा अंदाज देणाऱ्या गॅरेट्झच्या सूत्रानं हिशेब मांडा. २० अंशांवर उघडा ठेवलेला कॅस्केड सहा महिन्यांत साधारण निम्मा अल्फा घालवतो, म्हणजे दिवसाचा दर ०.००३८५. तापमान १५ अंशांनी उतरलं की दर निम्मा, चढलं की दुप्पट. सीलबंद व्हॅक्यूम फॉइलचा गुणक ०.५, हवाबंद पण आत हवा राहिलेल्या पिशवीचा ०.७५, उघड्या मालाचा १. गोदाम ३८ अंशांचं धरलं तर तापमानाचा गुणक २.३ येतो, उणे १८ वर तो फक्त ०.१७ असतो. म्हणजे तिथले २० दिवस फ्रीझरमधल्या जवळजवळ ९ महिन्यांइतके! फॉइल शाबूत असूनही साडेआठ टक्के गेले, ६ चे ५.५ झाले. १०० ग्रॅमच्या जागी १०९ टाका.

पण एवढ्यानं बिअर पाणचट लागत नाही. उघडलेलं पाकीट नुसतं चिमटा लावून ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवताय का? दोन महिन्यांत आणखी दहा टक्के जातात. पुन्हा व्हॅक्यूम करून उणे १८ वर ठेवलं तर दोनच. शिवाय अल्फा कधी मोजला ती तारीख आणि एचएसआय (हॉप किती जुना झालाय ते दाखवणारा निर्देशांक) पुरवठादाराकडून लेखी घ्या. ताज्या मालाचा एचएसआय ०.२५ ते ०.३० असतो, ०.४० च्या वरचा माल मी सुगंधासाठी घेणार नाही.

क्लिअरिंगच्या कार्यालयाचं नाव घेत नाही, पण शीतगृह आवारातच असताना ‘वाळलेला पाला आहे, त्याला थंडावा कशाला’ असं खिडकीवर ऐकवलं जातं, याचा संताप येतो. तोंडी विनंतीला तिथे काडीची किंमत नाही. ‘उणे १८ ते ४ अंशांत ठेवणे’ ही ओळ इनव्हॉइसवर, एअरवे बिलावर आणि प्रत्येक खोक्यावर छापून घ्या.

कडवटपणा वजन वाढवून भरून काढता येतो, सुगंध नाही. मायर्सीन हे हॉपमधलं सुगंधी तेल उडालं की उडालं. वर ऑक्सिडेशननं आयसोव्हॅलेरिक अ‍ॅसिड तयार होतं, त्याचा जुन्या चीजसारखा वास ड्राय हॉपिंगमध्ये (न उकळता हॉप घालताना) थेट बिअरमध्ये उतरतो. दोन पेलेट (हॉपच्या दाबलेल्या गोळ्या) बोटांनी चुरडून हुंगा. हिरवा रंग पिवळट-तपकिरी झाला असेल किंवा तो वास आला, तर माल ६० मिनिटांच्या उकळीलाच वापरा. वास फारच उग्र असेल तर टाकून द्या. पाकीट सैल दिसलं म्हणून लगेच घाबरू नका, नायट्रोजन भरलेली पाकिटं सैलच असतात. घट्ट व्हॅक्यूमचं पाकीट सैल पडलं तर मात्र ते फुटलंय.

हे आकडे अंदाजाचे आहेत, प्रयोगशाळेची जागा घेणार नाहीत. ऑक्सिडाइझ झालेल्या अल्फातून बनणारी ह्युम्युलिनोन्सही थोडी कडू असतात, म्हणून १०९ च्या पुढे एकदम जाऊ नका, आधी छोटी बॅच चाखा. आणि पुढच्या खेपेला खोक्यात तापमान नोंदवणारा लॉगर टाकायला सांगा. तो आलेख हातात असला की पुरवठादाराशी भरपाईचं बोलता येतं.